हुसेनभाईंचा फळा

माझा भाचा हिंजवडीला एका कंपनीत आहे. गेल्या दिवाळीत आला तो लॅपटॉप काखेत मारूनच. फराळाची ताटली बाजूला सारली आणि म्हणाला, "मामा, हे तुझ्याच लायनीतलं आहे, बघ." पडद्यावर कुठल्याशा कारखान्याचा नकाशा होता आणि त्यावर पाच-पन्नास ठिपके. एकेक ठिपका म्हणजे गॅसची गळती हुंगणारं एकेक यंत्र. कुठं गॅस सुटला की तो ठिपका पिवळा होणार, मग लाल होणार, दुरुस्तीला कोण गेलं, काम कधी झालं, सगळं तिथंच दिसणार. याला डॅशबोर्ड म्हणतात म्हणे. "आत्ता बघ," भाचा म्हणाला, "सगळं हिरवं आहे."

मी म्हणालो, "हिरवं आहे ते दिसतंय. पण कुणी जाऊन बघितलंय का?"

तो हसला. मामा म्हातारा झाला असं त्याला वाटलं असणार. वाटू दे. पण ते वाक्य माझं नव्हतं. ते हुसेनभाई मुलाणींचं होतं, आणि ते स्वतःच्या तोंडून काढायचा मला काडीचा अधिकार नाही. भाचा गेल्यावर मी दोन दिवस धड जेवलो नाही. बायको म्हणाली, पित्त झालंय. मी हो म्हणालो. खोटं बोलायची सवय जुनी आहे.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. पौडच्या अलीकडे माळावर एक रसायनांचा कारखाना होता. नाव कशाला हवं, आता तो बंदही पडला. तिथं क्लोरीन लागायचा. माणसाएवढ्या जाडीच्या लोखंडी टाक्यांतून तो यायचा, नळांतून पुढं जायचा, आणि जिथं नळ नळाला जोडलेला असतो तिथं तिथं तो बाहेर पडायची संधी शोधत असायचा. मी पुण्याचा, नुकताच डिप्लोमा केलेला, अंगात मस्ती भरपूर. यंत्रांची मापं दाखवणारी घड्याळं, काटे, दिवे, हे माझं खातं. लोक मला इन्स्ट्रुमेंटसायेब म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

पहिल्याच दिवशी मी क्लोरीनच्या शेडमध्ये तरातरा शिरायला निघालो तर एका माणसानं आडवा हात घातला. पन्नाशीचा, काटकुळा, करडी दाढी बारीक कातरलेली, खाकी शर्टाची वरची गुंडी लावलेली. "थांबा. आदी वारं बगा," म्हणाला. शेडच्या दारात एक बांबू रोवलेला होता आणि त्याच्या टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. "चिंधी जिकडं उडती तिकडं पळायचं न्हाई. लोक भ्याले की वाऱ्याबरुबर पळत्यात आन् गॅस बी त्यांच्यासंगं जातो. आडवं पळायचं. कळलं का? आता या आत."

हे हुसेनभाई. पौडच्या बाजारपेठेत त्यांचं घर. वडील बैलबाजारात दलाली करायचे, हे मात्र कारखाना उभा राहिला त्या दिवसापासून कारखान्यात. हुद्दा काय म्हणाल तर साधा ऑपरेटर. पण शेडमध्ये त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही, फिटरसुद्धा नाही.

त्यांच्या हातात कायम एक प्लास्टिकची दाबायची बाटली असायची. आत अमोनियाचं पाणी. पाळीत दोन फेऱ्या. प्रत्येक व्हॉल्व्हजवळ, प्रत्येक जोडाजवळ बाटलीचं तोंड न्यायचं आणि हलकेच दाबायचं. गळती असली की तिथं पांढरा धूर धरतो. नसली की काही नाही. इतकं साधं काम, पण हुसेनभाई ते करताना जोडांशी गप्पा मारायचे. गळणाऱ्या जोडाला ते 'बोलतीय' म्हणायचे. "काय गं, कालच तर तुला नवं पॅकिंग घातलं, आज परत बोलाय लागलीस?" असं एखाद्या तोंडाळ सुनेला दटावल्यासारखं. मग फिटरला हाक. "सात नंबर बोलतीय, चल."

आणि त्यांचा फळा. शेडच्या दाराशी शाळेतला असतो तसा काळा फळा टांगलेला होता. त्यावर हुसेनभाईंनी स्वतः पांढऱ्या ऑइलपेंटनं शेडमधले सगळे नळ काढले होते, बारा जोड, बारा आकडे. फेरी झाली की खडूनं खुणा. नुसतं वर्तुळ म्हणजे थोडी बोलतीय. वर्तुळात टिंब म्हणजे फिटरला सांगितलंय. फुली म्हणजे हात लावायचा नाही. नवीन पाळीचा माणूस आला की आधी फळ्यापुढं उभा राहायचा, वाचायचा, आणि खाली आपल्या नावाचं अक्षर काढायचा. पाळी बदलताना तोंडानं काही सांगायची पद्धतच नव्हती, कारण तोंडचं विसरतं. आणि खूण पुसायची ती ज्यानं बाटली लावून गळती बंद झालेली डोळ्यांनी बघितली त्यानंच. दुसऱ्या कुणी फळ्याला बोट लावलेलं हुसेनभाईंना चालायचं नाही. एकदा झाडूवाल्यानं दिवाळीची साफसफाई म्हणून फळा पुसला, तेव्हा त्यांनी दुपारचं जेवण सोडून पहिल्यापासून फेरी केली आणि सगळ्या खुणा पुन्हा काढल्या.

मी त्यांना एकदा म्हणालो, "हुसेनभाई, तुमचा फळा कधी स्वच्छ दिसत नाही."

"सायेब, कोरा फळा दिसला की समजायचं कुणी जाऊन बगितलंच न्हाई. नळ हायेत, जोड हायेत, काय ना काय बोलणारच."

कंपनी शेडमधल्या लोकांना घशासाठी गूळ द्यायची. हुसेनभाई आपल्या वाट्याचा गूळ कागदात बांधून बबन ढमालेला द्यायचे. बबन माले गावचा, दुसऱ्या पाळीचा माणूस, घरी दोन पोरं आणि म्हातारी आई. "मला ग्वाड सोसत न्हाई," असं हुसेनभाई म्हणायचे. मी त्यांना कॅन्टीनमध्ये चहात तीन चमचे साखर घालताना पाहिलेलं आहे.

मी आल्यावर वर्षभरात कंपनीनं नवं पॅनेल मागवलं. बारा जोडांपाशी बारा डिटेक्टर, आणि ऑफिसच्या बाजूच्या खोलीत लोखंडी कपाटाएवढं पॅनेल. प्रत्येक नंबराला एक हिरवा दिवा, एक लाल. लाल लागला की भोंगा. ते बसवायचं काम माझं. तीन महिने खपलो आणि ज्या दिवशी बाराच्या बारा हिरवे दिवे लागले त्या दिवशी मी स्वतःच्या पैशांनी पेढे वाटले. शेडमधल्या सगळ्यांना गोळा करून भाषणही ठोकलं. आता नाकावर आणि खडूवर विसंबायचं नाही, दिव्यावर विश्वास ठेवायचा. हुसेनभाई शेवटी उभे होते. पेढा घेतला आणि म्हणाले, "चांगलं झालं. दोन डोळ्यांपरीस चार बरे." फळा मात्र जागचा हलला नाही.

आता खरं सांगतो, त्या पॅनेलला मुळशीचा पाऊस झेपत नव्हता. जून ते सप्टेंबर तिकडं भिंतीतूनसुद्धा पाणी पाझरतं. तारांच्या जोडपेट्यांत ओल शिरायची आणि काही नसताना लाल दिवा लागायचा. भोंगा वाजला की मी बटण दाबून गप्प करायचो. आधी जाऊन बघायचो. मग कधी कधी बघायचो. मग "ओल असेल" म्हणून बघायचं सोडून दिलं. हुसेनभाई मात्र भोंगा वाजला की बाटली घेऊन निघालेच. परत येऊन सांगायचे, "न्हाई, न्हाई बोलत." मला त्याचा राग यायचा. माझ्या पॅनेलची ते परीक्षा घेतायत असं वाटायचं.

त्याच हिवाळ्यात नेऱ्याला एका कामगाराच्या भावाचं लग्न होतं. आम्ही पाच-सहा जण गेलो होतो. यजमानांनी नवंकोरं गोबरगॅस बसवलं होतं आणि त्याचं भारी कौतुक. जेवणाच्या मांडवामागं आचाऱ्याच्या शेगडीला नळी आणलेली. हुसेनभाई नळीच्या अगदी शेजारी बाज टाकून बसले होते, कुणाशी तरी बैलांच्या किमतीवर बोलत. थोड्या वेळानं असा वास सुटला की बायकांनी पदर नाकाला लावले, पोरं ओरडायला लागली. हुसेनभाई आपले बोलतायत. मी जाऊन म्हणालो, "हुसेनभाई, गॅस सुटलाय." तसे ते ताडकन उठले, आचाऱ्याला शेगडी विझवायला लावली, वाटीत साबणाचा फेस करून मागितला आणि नळीवर बोटानं फेस लावत निघाले. तिसऱ्या जोडावर फुगे आले. गाडीच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली आणि काम फत्ते. नवरदेवाच्या बापानं त्यांना पहिल्या पंगतीला मानानं बसवलं. सगळे म्हणाले, काय नाक आहे माणसाचं.

परतीला चालत हमरस्त्याला येत होतो. बाकीचे पुढं गेले होते. मी विचारलं, "तुम्हाला वास आला नाही, होय ना?"

त्यांनी पुढं गेलेल्यांकडं एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "चार वर्सं झाली सायेब. नाक गेलं. डोळ्याला झोंबतं, पाणी येतं, पर वास म्हणून काय ते न्हाई. अत्तर न्हाई, मटण न्हाई, कायच न्हाई. ईदला पोरगी सांगती, अब्बा, खिरीला केशराचा वास बगा. मी म्हणतो, व्हय, लई ब्येस."

"डॉक्टरला सांगितलं का?"

"डॉक्टरला सांगितलं की शेडमधनं काढत्यात. नियम हाय. ज्याला वास येत न्हाई त्यानं शेडमदी काम करायचं न्हाई. मग मी काय करू, गेटवर सलाम ठोकत बसू? सायेब, नाकानं गळती घावत न्हाईच. नाकाला कळंस्तवर लई गॅस गेलेला असतो. बाटली हाय, डोळं हायेत, फळा हाय. सहा वर्सं राह्यलीत माझ्या नोकरीची. तेवडं कुनाला बोलू नका."

मी शब्द दिला. नुसता दिला नाही, त्यांचा हात हातात घेऊन दिला. मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. एवढा मानी माणूस आपल्यापाशी मन मोकळं करतो म्हणजे काय.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईहून डायरेक्टर येणार असं ठरलं. बरोबर परदेशातले दोन पाहुणे. त्यांना पॅनेल बघायचं होतं, कारण तसल्याच पॅनेलसाठी ते पैसा घालणार होते. आमचे वर्क्स मॅनेजर, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणायचे, आठ दिवस आधीपासून कारखाना रंगवत होते. झाडांना चुना, ड्रमांना चुना. मला बोलावून म्हणाले, "बारा हिरवे दिवे हवेत. आणि ते शाळेतलं खडूचं चित्र दारातून काढा. लाज वाटते."

आदल्या संध्याकाळपासून चार नंबरचा दिवा लाल होता. मी भोंगा बंद करून ठेवला होता. ओल असेल. सकाळी हुसेनभाई पहिल्या फेरीवरून आले आणि म्हणाले, "सायेब, चार नंबर बोलतीय. धूर धरतुया. मागून बंद केलीय म्हणून थोडक्यात हाय, उघडली तर जोड तग धरायचा न्हाई. फिटर म्हणतो पावणे गेल्यावर उद्या करू. मी फुली मारलीया."

मी फळ्यापाशी गेलो. चार नंबरवर मोठी फुली. दोन नंबर, सात नंबर, नऊ नंबरवर वर्तुळं. मी बादलीतलं फडकं पिळलं आणि फळा पुसायला लागलो. हुसेनभाई माझ्या मनगटाला धरायचे राहिले एवढंच. "सायेब, पुसू नका. झाकायचा तर पोतं टाका वर."

"मोठ्या साहेबांची ऑर्डर आहे," मी म्हणालो. पोतं टाकायला काय झालं होतं? काही नाही. पण समोर चार माणसं उभी होती आणि एक ऑपरेटर मला सांगतोय म्हणून मी ऐकायचं, हे मला जमलं नाही. पुसला.

मग पॅनेलच्या मागं गेलो. बोटभर तारेचा तुकडा घेतला, चार नंबरच्या दोन टोकांना जोडला. लाल गेला, हिरवा लागला. पाहुणे जाईपर्यंत पाच-सहा तासांचा तर प्रश्न, असं मनाशी म्हणालो.

मोठ्या साहेबांनी हुसेनभाईंना नवा खाकी ड्रेस दिला, डोक्याला फेटा बांधायला लावला आणि सगळ्यांत जुना कामगार म्हणून पाहुण्यांना हार घालायला गेस्टहाउसच्या मांडवात उभं केलं. जाताना त्यांनी मला गाठलं. "मला आता पावणे जाईस्तवर तितंच उबं राह्यला सांगितलंय. दोन वाजता बबन येईल. फळा कोरा हाय. त्येवडं सांगाल का त्येला, चार नंबर उघडू नको म्हणून? तोंडानंच सांगाया लागंल."

"सांगतो," मी म्हणालो. "तुम्ही जा."

पाहुणे आले. पॅनेलसमोर उभे राहिले. बारा हिरवे दिवे. गोरा माणूस माझा हात हलवून काहीतरी छान बोलला. मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "जेवायला आमच्याबरोबर चल." मी त्यांच्या गाडीत मागं बसून मुळशी धरणाकाठच्या बंगल्यावर गेलो. तळलेले मासे होते. बर्फ घातलेलं सरबत होतं. दोन वाजून गेले तेव्हा मी पाण्याकडं बघत खुर्चीत रेललो होतो. बबनची मला आठवण झाली नाही. एकदासुद्धा झाली नाही.

बबन पाळीवर आला, फळ्यापुढं उभा राहिला. कोरा. तरी मनाची खात्री म्हणून पॅनेलच्या खोलीत डोकावला. सगळं हिरवं. दिव्यावर विश्वास ठेवायचा हे त्याला मीच शिकवलं होतं. तीनच्या सुमाराला त्यानं चार नंबरचा व्हॉल्व्ह उघडला.

आम्ही परत आलो तेव्हा गेटपाशी माणसं आडवी पळत होती. चिंधीकडं बघत, हुसेनभाईंनी शिकवल्यासारखी. शेडच्या उंबऱ्यावरून पिवळट हिरवा धूर जमिनीलगत बाहेर येत होता. हुसेनभाई गेस्टहाउसकडून ओरडा ऐकून पळत आले होते, डोक्याचा फेटा पाण्यात बुडवून तोंडाला गुंडाळला होता आणि आत शिरून बबनला काखेत धरून फरफटत बाहेर आणला होता. पुन्हा आत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. मी पोचलो तेव्हा बबनला कंपनीच्या जीपमध्ये घालत होते. त्याच्या तोंडाला फेस होता. हुसेनभाई भिंतीला टेकून खोकत होते, नव्या ड्रेसवर उलटी झालेली.

खोकला जरा थांबला तसे ते उठले आणि पॅनेलच्या खोलीत गेले. मी मागोमाग. चार नंबरचा दिवा हिरवाच होता. त्यांनी तो बघितला, वळसा घालून पॅनेलच्या मागं गेले, वाकून पाहिलं. मग दोन बोटांनी तार उपटली. लाल दिवा लागला आणि भोंगा कोकलायला लागला, अर्धा तास उशिरानं. त्यांनी तो तारेचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "बबनला सांगितलं न्हवतं?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. त्यांनी बटण दाबून भोंगा बंद केला आणि बाहेर गेले. तार मी त्याच संध्याकाळी येताना नदीत टाकली.

बबन वाचला. पण फुप्फुसं गेली. दहा पावलं चालला की बसायचा. मालेच्या घरी खाटेवर पडून राहायचा. त्याचं काम सुटलं ते सुटलंच.

चौकशी बसली. मोठे साहेब, मुंबईचा एक अधिकारी आणि कंपनीचे डॉक्टर. हुसेनभाई स्टुलावर, मी बाजूच्या खुर्चीत. फिटरला आणि शेडमधल्या बाकीच्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. माझं लग्न ठरलेलं होतं, आणि सासऱ्यांना मी कळवून बसलो होतो की लवकरच असिस्टंट मॅनेजर होतोय. हे कारण म्हणून सांगत नाही. मी घाबरलो होतो. नोकरी जाईल यापलीकडं मला काही दिसत नव्हतं.

अधिकाऱ्यानं विचारलं, "सकाळच्या फेरीत गळती कशी लक्षात आली नाही?"

"आली व्हती," हुसेनभाई म्हणाले. "फळ्यावर फुली मारली व्हती."

"फळा तर कोरा होता."

"पुसला गेला."

"कुणी पुसला?"

हुसेनभाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. समोर भिंतीकडं बघत म्हणाले, "पावणे येनार व्हते. झाडझूड झाली. त्यात गेला." तारेचा विषय त्यांनी काढलाच नाही. शब्दानंही नाही. मला वाटतं, ते मला वाट मोकळी करून देत होते. सांगायचं असेल तर याचं यानं सांगावं, अशी.

अधिकारी माझ्याकडं वळला. "पॅनेलनं का दाखवलं नाही?"

मोठे साहेब माझ्याकडं रोखून बघत होते. त्यांनाही बारा हिरवे दिवे कसे लागले ते बहुधा माहीत असावं. मी तोंड उघडलं. खरं बोलायचं असं मी रात्रभर ठरवलं होतं, शप्पथ सांगतो. पण बाहेर आलं ते असं, "पॅनेल व्यवस्थित आहे, सर. नंतर लाल दिवा लागलेला सगळ्यांनी पाहिला. पण... हुसेनभाईंना वास येत नाही. पाच वर्षं झाली. त्यांनी लपवून ठेवलंय."

हुसेनभाईंनी तेव्हा मात्र माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता हो. एखाद्याचं पोर रस्त्यात शिवी देताना ऐकून माणूस कसा बघेल, तसं पाहिलं.

डॉक्टरांनी लगेच तपासायचं ठरवलं. डोळे मिटायला लावले आणि कापसाचे बोळे नाकाखाली धरले. रॉकेलचा बोळा धरला, ते म्हणाले, "न्हाई येत." अत्तराचा धरला, "न्हाई येत." मग डॉक्टरांनी नुसत्या पाण्याचा धरला. हुसेनभाई थांबले. त्यांना काय वाटलं कोण जाणे. शेवटचा डाव म्हणून असेल. हळूच म्हणाले, "रॉकेल हाय का?" मुंबईचा अधिकारी हसला. मोठे साहेबही हसले. आणि मी, तेही सांगून टाकतो, त्यांच्याबरोबर ओठ ताणले.

आजार लपवला म्हणून त्यांना आठ दिवसांत काढलं. पौडला आणि मालेला एकच बोलबाला झाला, नाक नसलेल्या मुलाण्यानं बबनचा जीव घेतला असता. बबनच्या आईनं बाजारात भर गर्दीत त्यांना बोल लावले. ते मान खाली घालून ऐकत उभे होते असं मला लोकांनी सांगितलं. फळा कुणीतरी गोदामात टाकला. मी असिस्टंट मॅनेजर झालो.

तीन वर्षांनी मला पुण्यात दुसरी नोकरी लागली. जायच्या आधी एकदा त्यांच्यापुढं उभं राहायचं, घरच्यांदेखत सगळं ओकून टाकायचं, मग ते काय करतील ते करोत, असं ठरवून एका दुपारी मी पौडच्या बाजारपेठेत उतरलो. घराच्या ओट्यावर हुसेनभाई स्टोव्ह दुरुस्त करत बसले होते. भोवती दहा-बारा पितळी स्टोव्ह. दाढी पुरती पांढरी झालेली. मला बघून हात पुसत उठले. "या सायेब. उन्हाचं आलात? जैनब, पाणी आण."

जैनब त्यांची मुलगी, बाळंतपणाला माहेरी आलेली. पाणी घेऊन आली, मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "हेच का अब्बा, इन्स्ट्रुमेंटसायेब?" त्यांनी मान हलवली. तशी ती डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "तुमचं नाव रोज निघतं घरात. अब्बा सांगतात, सगळे उलटले तवा तुमी एकटे भांडला मोठ्या सायेबाशी. नोकरी जाईल म्हणून बी भ्याला न्हाई. आमी कुनाला काय म्हणावं, आपल्या माणसांनी बी तोंड फिरवलं. तुमी तेवडे उबे राह्यला."

मी हुसेनभाईंकडं पाहिलं. ते स्टोव्हच्या छिद्रात पिन घालत होते. आता बोलायचं तर या बाईपुढं बापाला खोटा पाडायचा. हा विचार मनात आला आणि मला सुटल्यासारखं वाटलं, देवाशप्पथ हायसं वाटलं. चला, बोलायला नको. मी चहा घेतला. ती आतून पायलीभर नवा तांदूळ फडक्यात बांधून घेऊन आली. "आंबेमोहोर हाय, घरचा. वहिनींना द्या." मी नको नको म्हणत घेतला.

हुसेनभाई एस.टी. स्टँडपर्यंत पोचवायला आले. वाटेत दोनदा खोकला काढायला थांबले. बबनची चौकशी केली, मी अजून एकदाही मालेला गेलो नव्हतो, तरी बरा आहे म्हणालो. शेवटी न राहवून विचारलं, "हुसेनभाई, घरी असं का सांगितलंत?"

"मग काय सांगू?" ते म्हणाले. "नोकरी गेली ते कळलंच सगळ्यांना. पर ज्येला हात धरून आतलं सांगितलं त्यानंच भर सभेत सांगून टाकलं, हे कसं सांगायचं घरात? मला लाज वाटती सायेब."

इतक्यात मुळशीकडून एस.टी. आली. खचाखच भरलेली. मी पायरीवर चढलो, एका हातात तांदळाचं गाठोडं. हुसेनभाईंनी खिडकीच्या गजाला हात घालून कंडक्टरला हाक मारली, "ओ मास्तर, आमचे सायेब हायेत. जागा करून द्या." कंडक्टर त्यांच्या ओळखीचा होता. त्यानं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला उठवलं. म्हातारा मुकाट्यानं उठून दांडीला धरून उभा राहिला. गाडी हलली, हुसेनभाईंनी बाहेरून वाकून बघितलं, मला जागा मिळाली का ते.

मी बसलो. स्वारगेट येईपर्यंत बसून होतो.